लालासाहेबांचं गनिमी वळण

लालासाहेब शेडगे फौजेतून हवालदार म्हणून बाहेर पडले, पण साताऱ्यातली सायकलवाली मंडळी त्यांना सुभेदारसाहेब म्हणायची. पहिल्याच रविवारी त्यांनी सांगून पाहिलं होतं, "सुभेदार न्हवं ओ, हवालदार. हवालदार ड्रायव्हर." पण तेव्हा सगळे येवतेश्वरचा चढ चढत होते आणि कुणाच्याच कानात स्वतःच्या धापेशिवाय काही शिरत नव्हतं. वर पोचल्यावर तेच परत सांगणं बरं दिसेना. मग लालासाहेबांनीही बढती मिळाल्यासारखी मान थोडी ताठ केली आणि विषय तिथंच संपला.

फौजेत त्यांनी उभा जन्म ट्रक चालवला. काश्मीरचे घाट, राजस्थानची वाळू, सगळीकडे ट्रकच. निवृत्त होऊन गोडोलीत घर बांधलं आणि वर्षाच्या आत रक्तात साखर निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज तासभर चाला. लालासाहेब चालू लागले, पण हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना. दोन्ही हात आपोआप छातीसमोर यायचे आणि मुठी वळायच्या. वळणावर उजवा हात वर, डावा खाली व्हायचा. गोडोलीतली पोरं त्यांच्या मागनं हॉर्न वाजवत फिरू लागली, तेव्हा बायको राजेश्वरीनं पुण्याला मुलाला फोन केला. शिवतेजनं गिअरची सायकल पाठवून दिली. हातात धरायला काहीतरी आलं आणि लालासाहेब सुखी झाले.

सायकलवाल्यांच्या टोळीत ते पुढारी कसे झाले, हे कुणालाच नीट आठवत नाही. ते सगळ्यात पुढे असायचे आणि मागे वळून बघायचे नाहीत, एवढंच. वळायचं असलं की हात करायचे. ट्रकांच्या ताफ्यात पुढच्यानं हात केला की मागच्यानं कारण विचारायचं नसतं, ही त्यांची जुनी सवय टोळीला फार आवडली. बँकेतले, शाळेतले, दवाखान्यातले सगळे आठवडाभर कारणं विचारून थकलेले असायचे.

त्या वर्षी टोळीनं ठरवलं, साताऱ्याच्या आसपासची जुनी ठिकाणं जोडणारा एक चांगला मार्ग आखायचा, म्हणजे बाहेरगावच्या सायकलवाल्यांनाही बोलावता येईल. राजवाड्यापासून निघायचं, संगम माहुलीची देवळं बघायची, मग कृष्णेच्या काठाकाठानं आतल्या गावांतून लिंबच्या बारा मोटांच्या विहिरीवर जायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. लालासाहेबांनीही डोलावली. त्या आतल्या गावांमध्ये टेकळेवाडी येते, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा चाळीसेक सायकली त्यांच्या मागून माहुली सोडून बाहेर पडल्या होत्या.

टेकळेवाडी ही त्यांची सासुरवाडी. आणि तिथं रस्त्याला लागूनच मेहुण्याचं, म्हणजे वीरधवलचं घर होतं. त्या घरासमोरून लालासाहेब अकरा वर्षांत गेले नव्हते.

झालं होतं असं, की वीरधवलच्या थोरल्या मुलाच्या लग्नात माइक वीरधवलच्याच हातात होता. एकेका पाहुण्याचं नाव पुकारून त्याला वर बोलवायचं आणि फेटा बांधायचा, असं चाललेलं. लालासाहेब फौजी कपडे घालून, मिशीला पीळ देऊन पहिल्या रांगेत बसले होते. आत्याचे दीर झाले, ग्रामसेवक झाले, मांडववालाही झाला. मग एकदाचं माइकवरून नाव आलं. "आमचे दाजी, फौजी लालासाहेब शेडगे!" लालासाहेब उठले. चार पावलं पुढे गेले. "यांनी आपली स्कूटर जनरेटरपुढनं काढावी, लाइट बंद पडायला लागलीया."

लालासाहेबांनी स्कूटर काढली आणि तशीच साताऱ्यापर्यंत नेली. त्यानंतर ते टेकळेवाडीला गेले नाहीत. राजेश्वरीला माहेरी जायचं असलं की गावाबाहेरच्या कडुनिंबाखाली उतरवायचे आणि संध्याकाळी तिथूनच परत न्यायचे. कारण कुणालाही सांगितलं नाही. समोरच्याला आपसूक कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं.

तर आता तेच टेकळेवाडीचं तोंड आलं, आणि लांबून वीरधवल ओट्यावर बसलेला दिसला. पांढरी बंडी, हातात कपबशी. लालासाहेबांचा हात वर गेला तो मेंदूला न विचारता. "डावीकडं!"

चाळीस सायकली डावीकडे वळल्या. ती गाडीवाट होती. दोन बांध ओलांडून ती तानुबाईच्या गोठ्यात शिरली आणि संपली. थांबावं तर मागं चाळीस माणसं, परतावं तर वीरधवल. गोठ्याला दोन दारं होती, एक अलीकडे, एक पलीकडे, आणि मधे शेणाचं सारवण आणि दोन्ही बाजूंना दावणी. लालासाहेबांनी मान खाली घातली आणि सायकल आत घातली.

तानुबाई नुकती धार काढून उठली होती. डोक्यावर कलिंगडाच्या अर्ध्या फोडी घातल्यासारखी माणसं एकामागं एक आपल्या गोठ्यातून चाललेली पाहून तिच्या हातातली चरवी तशीच राहिली. "आरं कोन मेलं रं?" ती ओरडली. प्रत्येक जण तिला नमस्कार करून, "ताई, रस्ता द्या," म्हणत पुढे गेला. म्हशींनी ओळीनं माना वळवल्या, आणि ओळीनं परत वळवल्या.

पलीकडे निघाल्यावर ऋषिराज नावाचा एक जण लालासाहेबांच्या शेजारी आला. घरी बसून परदेशातल्या कंपनीचं संगणकाचं काम करायचा, आणि हँडलला बांधलेला त्याचा मोबाइल प्रत्येक वळण टिपून घ्यायचा.

"साहेब, ही कुठली वाट?"

मागं धापा टाकणारी माणसं कान देऊन होती. लालासाहेब म्हणाले, "घोडदळाची."

"म्हणजे?"

"घोडी हितनंच नदीवर पाण्याला जायाची." एवढं बोलून त्यांनी गिअर बदलला.

संध्याकाळपर्यंत ऋषिराजनं सगळा मार्ग सायकलवाल्यांच्या अ‍ॅपवर चढवला होता आणि गोठ्याच्या तुकड्याला नाव दिलं होतं, गनिमी वळण. पुढच्या रविवारी पुण्याची टोळी आली. त्याच्या पुढच्या रविवारी कोल्हापूरची. मग मिरजेहून तौसीफ सतारमेकर नावाचा उमदा माणूस पन्नास जण घेऊन आला. घरात पिढ्यान्‌पिढ्या सतारी बनायच्या, पण या गड्याला सायकलीचं वेड. अ‍ॅपवर कोण किती वेगानं गोठा पार करतं याची चुरस लागली. एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत. पुण्याचा एक वकील पहिला आला, पण त्यानं गव्हाणीत उडी मारून वळसा वाचवल्याची तक्रार झाली आणि त्याचा क्रमांक काढून घेतला. मोबाइलच्या नकाशात तानुबाईचा गोठा हा चक्क रस्ता म्हणून दिसू लागला. एकदा लग्नाचं वऱ्हाड घेऊन निघालेली एक जीपगाडी तिथं आली आणि अर्धी आत शिरून अडकली.

तानुबाईनं पहिले दोन रविवार खराटा उगारून पाहिला. लोकांनी तिचे फोटो काढले. मग तिनं नाद सोडला. खरी पंचाईत वेगळीच होती, आणि ती घेऊन ती एका सोमवारी एसटीनं थेट गोडोलीत आली. नात्यानं ती राजेश्वरीची लांबची चुलती.

"जावयबापू," पाणी प्यायच्या आधीच ती म्हणाली, "म्हशी पान्हवंनात."

"का बरं काकी?"

"ऐतवारी पान्हवत्यात. तुमच्या सायकली आल्या, घंट्या वाजल्या, का चारी म्हशी पान्हा सोडत्यात. सोमवारी हुब्या ऱ्हात्यात आन् दाराकडं बगत बसत्यात. दूद चोरत्यात रांडंच्या."

राजेश्वरीनं पदर तोंडाला लावला. लालासाहेब गंभीर झाले. "मग आता?"

"मग आता काय? घंटी कुनाची? तुमची. सवय कुनी लावली? तुमी. धारंला येत जावा."

सासुरवाडीचं वडीलधारं माणूस, नाही कसं म्हणणार? दुसऱ्या दिवसापासून लालासाहेब पहाटे उठून, सायकल हाणत, नदीकडच्या वाटेनं टेकळेवाडीला जाऊ लागले. तानुबाई म्हशीखाली बसली की ते गोठ्याच्या दारात उभं राहून घंटी वाजवायचे. म्हशी पान्हवायच्या. मधेच थांबले की दूध थांबायचं. त्यांनी घंटीचा आवाज मोबाइलमध्ये भरून तो गव्हाणीत ठेवूनही पाहिला. थोरल्या म्हशीनं मोबाइल चाटला आणि पाठ फिरवली. एका आठवड्यात म्हशी घंटीलाही दाद देईनाशा झाल्या, तेव्हा लालासाहेबांनी तौसीफला विचारलं. त्यानं रविवारी घंटी कानाशी धरून दोनदा वाजवली.

"साहेब, म्हशींना बोल लावू नका. सूर उतरलाय," तो म्हणाला, आणि स्क्रू पिळून सूर लावून दिला. सोमवारी दुधाला तोटा राहिला नाही.

या येण्याजाण्यात लालासाहेबांची साखर मात्र इतकी खाली आली, की डॉक्टरीणबाईंनी तपासणी पुन्हा करायला लावली.

अशात एका पहाटे गोठ्याच्या दुसऱ्या दारातून वीरधवल आत आला. हातात दुधाची किटली. एरवी दूध न्यायला गडी यायचा. आज तो मुद्दाम स्वतः आला होता. लालासाहेबांचा अंगठा घंटीवरच राहिला. पळावं तर धार अर्धी झालेली.

"दाजी..." वीरधवलनं सुरुवात केली.

"हळू!" म्हशीखालून तानुबाई म्हणाली. "आवाज चढला तर दूद चोरंल. भांडायचं तर कानात भांडा."

मग अकरा वर्षांचं भांडण कुजबुजत सुरू झालं.

"दाजी, आमच्या सुनंनं, अंकितानं, रस्त्याला पोह्या-च्याचं दुकान टाकलंय. सायकलवाल्यांसाठनं. आन् एकबी सायकल आमच्या दारावरनं जात न्हाई. सगळी या शेणातनं का नेताय?"

लालासाहेबांनी उत्तर दिलं ते म्हशीकडे बघत. "ज्यांनी भर मांडवात इज्जत घालवली, त्यांच्या दारावरनं आमी जात न्हाई."

"कुनी घालवली?"

"माइकवर कोन हुतं?"

"घंटी!" तानुबाई म्हणाली. लालासाहेबांनी घंटी वाजवली.

वीरधवल खरोखर विचारात पडला. "आवं दाजी, सकाळधरनं रातीपातूर माइक माझ्या हातात. काय काय बोललो, मला आठवतंय व्हय? मांडवात शेरडू घुसलं तवा त्येचंबी नाव पुकारलं म्हनं मी."

"स्कूटर काढा म्हनालास. फेटा न्हाई. स्कूटर!"

"एवढंच?"

"एवढंच?" लालासाहेबांचा आवाज चढला. म्हशीनं पाय आपटला. त्यांनी तो लगेच उतरवला. "एवढंच म्हनतोस?"

"तसं न्हवं. मला वाटत हुतं तुमी नळीवरनं रागावलाय."

"कसली नळी?"

"घंटी!"

घंटी वाजली. वीरधवल आणखी जवळ सरकला. लग्नाच्या आदल्या वर्षी यात्रेचं बकरं कापलं होतं, तेव्हा चांगली नळी दाजींच्या ताटात पडायची ती चुकून आपल्या ताटात पडली, आणि आपण ती दाजींच्या देखत चोखली, ही गोष्ट त्याच्या मनाला फार लागून राहिली होती. "फौजी मानूस, सुट्टीला आलेला. त्याच्यापुढं मी नळी चोखतोय. मला तवाच कळलं, आता ह्यो मानूस यायचा न्हाई. म्हनून दर यात्रंला सगळ्या नळ्या तुमच्यासाठनं बाजूला काढतो आन् ताईसंगं डब्यातनं लावून देतो. तरी तुमचा राग जाईना!"

लालासाहेब घंटी वाजवायची विसरले. "मला एकबी नळी मिळाली न्हाई," ते म्हणाले.

तानुबाईनं चरवी उचलली. "राजेश्वरी लहानपनापास्नं तशीच हाय," ती म्हणाली आणि वासरू सोडायला गेली.

घरी आल्यावर लालासाहेबांनी चपला न काढताच विचारलं. राजेश्वरी भेंडी चिरत होती. तिचा हात थांबला नाही.

"व्हय, खाल्ल्या."

"अकरा वर्सं?"

"तुमी मला त्या कडुनिंबाखाली बोलवनार, आन् तुमी येनार दिवस मावळताना. तवर मानसानं तिथं बसून करायचं काय?"

"आगं पन मला सांगायचं तरी! त्यो माफी मागत हुता डब्यातनं!"

राजेश्वरीनं भेंडीचा एक देठ बाजूला टाकला. "सांगितलं असतं तर भांडान मिटलं असतं. भांडान मिटल्यावर नळ्या तुमच्या ताटात पडल्या असत्या. मला कोन देतंय मग?"

लालासाहेब न्हाणीघरात गेले आणि पाय धुवायला लागले. धुता धुता त्यांना हसू आलं. आधी खांदे हलले, मग तांब्या हातातून सुटला. राजेश्वरी दाराशी आली आणि तीही हसायला लागली. अकरा वर्षांत एकट्यानं कडुनिंबापासून परत फिरताना आपल्याला कसं वाटायचं, हे त्या क्षणी तिला सांगावंसं त्यांना वाटलं. पण ती हसत असताना ते बोलणं बरं दिसलं नसतं.

आता सगळं सोपं होतं. पुढच्या रविवारी टेकळेवाडीच्या तोंडाशी लालासाहेबांनी हात उंच केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "सरळ!"

वीरधवलच्या दारात रांगोळी होती. अंकितानं पोह्यांचं मोठं पातेलं चढवलं होतं. वीरधवल धुतलेलं धोतर नेसून उभा. लालासाहेब ऐटीत आले, उतरले, मागं हात करून म्हणाले, "ही आमची टोळी!"

मागं कुत्रं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. ऋषिराज. "साहेब, तुम्ही वाट चुकलात! आम्ही गोठ्यात आहोत. मोबाइल डावीकडे दाखवतोय. घाबरू नका, तिथंच थांबा, तुम्हाला न्यायला दोघांना पाठवतो."

लिंबला पोचल्यावर विहिरीच्या पायऱ्यांवर लालासाहेबांनी सगळ्यांना बसवलं. त्या दिवशी मिरजेची टोळीही होती. खाली पाणी गार हिरवं दिसत होतं आणि आवाज घुमत होता. त्यांनी सगळं सांगितलं. घोडदळ नव्हतं, घोडी नव्हती. आपण मेहुण्याला चुकवत होतो. स्कूटर, नळी, काही ठेवलं नाही. सांगून झाल्यावर ते मान खाली घालून उभे राहिले.

मग तौसीफ उठला. "साहेब, समोरच्याला दिसू न देता त्याच्या बगलेतून चाळीस जण घेऊन निघून जाणं, ह्यालाच तर गनिमी कावा म्हणतात."

पायऱ्यांवर टाळ्या सुरू झाल्या आणि त्या विहिरीत इतक्या घुमल्या, की लालासाहेबांचं "आवं पन..." कुणालाच ऐकू गेलं नाही. ऋषिराजनं अ‍ॅपवर ही सगळी माहितीही घातली. त्यामुळं गर्दी वाढली. आता लोक नळीची जागा कुठली, कडुनिंब कुठला, असं विचारत येऊ लागले. गोठ्याच्या दारावर कुणीतरी पाटी लावली. तिच्यावर लालासाहेबांच्या नावामागं सुभेदारही काढून सुभेदार मेजर केलं होतं.

शेवटी वीरधवलनं सुज्ञपणा दाखवला. सायकली दारावर येत नाहीत म्हटल्यावर त्यानं दारच सायकलींकडे नेलं. घराची मागची, गोठ्याच्या वाटेकडची भिंत पाडून तिथं मोठा दरवाजा बसवला, ओटा बांधला, तुळशीवृंदावन उचलून मागं आणलं. पुढचा दरवाजा आता मागचा झाला. पोस्टमन गोठ्यातून येऊ लागला. अंकिताच्या पोह्यांना अंगाला शेणाचा वास लागलेली गिऱ्हाइकं रांग लावून उभी राहू लागली, आणि तानुबाई त्यांना पाय धुवायला पाणी देताना प्रत्येकाला विचारायची, "घंटी वाजवली का न्हाई जाताना?"

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना तौसीफ पुन्हा साताऱ्याला आला. या वेळी एकटा. राजेश्वरीनं दिलेला चहा प्यायला आणि जरा संकोचून म्हणाला, "साहेब, आमच्या सांगलीकडं पण असा मार्ग पाहिजे. तासगाववरून विट्यापर्यंत आखलाय. रस्ता चांगला आहे, पण सरळ आहे. लोक एकदा येतात, परत येत नाहीत. तुमचं त्या बाजूला कोणी पाहुणं आहे का, ज्यांच्याशी तुमचं पटत नाही?"

लालासाहेबांनी विचार केला. "विट्याला मावसभाऊ हाय. पप्पूशेठ. कोइमतूरला सोनं गाळायचं, गलाईचं दुकान हुतं, आता गावी आलाय. पन त्याच्याशी भांडान न्हाई झालेलं."

"मग काढा की," तौसीफ म्हणाला. "आमच्यासाठी."

मिरजेच्या माणसानं म्हशींचा सूर लावून दिला होता. त्याला नाही कसं म्हणायचं? लालासाहेब राजेश्वरीला घेऊन विट्याला गेले. पप्पूशेठचं घर रस्त्यावरच होतं, आणि शेजारून एक बोळ थेट द्राक्षाच्या बागेत जात होता. जागा अगदी नामी होती. लालासाहेबांनी दारातच सुरुवात केली.

"पप्प्या, घराला रंग लय वाईट दिलायस."

"व्हय ना दादा!" पप्पूशेठनं त्यांचे हात धरले. "मलाबी तसंच वाटतंय, पन कोन खरं बोलतच न्हाई. आता तुमीच सांगा कुठला द्यायचा."

अख्खी दुपार रंग निवडण्यात गेली. संध्याकाळी लालासाहेब म्हणाले, तुझा चहा गुळमट हाय. पप्पूशेठनं स्वतः उठून दुसरा केला. मग ते म्हणाले, तू लहानपणी माझी गोटी चोरली होतीस. पप्पूशेठच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं सगळ्या घराला बोलावून सांगितलं, बघा, दादांना अजून आठवतंय. राजेश्वरी उशीत तोंड खुपसून हसत होती.

रात्री जेवायच्या वेळेला तौसीफचा फोन आला. "झालं का साहेब?"

"न्हाई गड्या," लालासाहेब हळूच म्हणाले. "लय अवघड मानूस हाय. उद्या सकाळी त्येच्या जमिनीवर काहीतरी बोलून बगतो."

तेवढ्यात आतून पप्पूशेठ श्रीखंडाचं भांडं आणि पळी घेऊन येताना दिसला. लालासाहेबांनी फोन खिशात टाकला आणि ताटावर दोन्ही हात आडवे धरले.